रिकामा राहिलेला चौकोन

लॅपटॉपवर लाल अक्षरांत एकच ओळ येत होती आणि मी ती तीन दिवस कुणालाही दाखवली नव्हती. कर्जतच्या ऑफिसात माझी खुर्ची भिंतीला पाठ लावून आहे. ती जागा मी मुद्दाम मागून घेतली होती. मागून कुणी येऊन पडद्याकडे बघेल, ही भीती मला पहिल्या दिवसापासून होती.

काम भाताच्या एका नव्या वाणाचं होतं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या काही शेतकऱ्यांनी ते एक हंगाम लावून बघायचं. पुढच्या वर्षी ते सगळीकडे वाटायचं की नाही, हे आमच्या रिपोर्टवरून ठरणार होतं. माझी फेलोशिप आणखी एक वर्ष वाढणार की नाही, तेही त्याच रिपोर्टवर. हिशोब बेझियन पद्धतीने करायचा, असं सरांनी मुलाखतीतच सांगितलं होतं. "येतं ना?" त्यांनी विचारलं आणि मी मान डोलावली. कॉलेजात त्यावर दोन तास झाले होते. त्यातल्या एकाला मी गैरहजर होते.

मग चौक गावात, आमच्या घरी, सकाळी बाबा गॅरेजचं शटर उघडायच्या आत, मी व्हिडिओ बघून शिकू लागले. पद्धत ऐकायला सोपी होती. पुरावा बघण्याआधी आपल्याला काय वाटतं ते आकड्यांत लिहायचं. त्याला प्रायर म्हणतात. मग पुरावा घ्यायचा, दोन्हींचा गुणाकार करायचा आणि आता काय वाटायला हवं ते काढायचं. मला धडकी भरली ती पहिल्याच पायरीची. आपल्याला काय वाटतं हे लिहून कुणाच्या हातात देणं मी आयुष्यभर टाळत आले आहे.

इथे मात्र माझं मत नको होतं, शेतकऱ्यांचं हवं होतं. पेरणीआधी मी पुठ्ठ्यावर पाच चौकोन आखले: काहीच नाही, थोडं, नेहमीइतकं, जास्त, खूप जास्त. प्रत्येक घरी वीस चिंचोके द्यायचे आणि सांगायचं, पीक किती येईल याची जिथे जेवढी शक्यता वाटते, तेवढे चिंचोके त्या चौकोनात ठेवा. घरोघरी जायच्या आधी मी रिक्षात बसून वाक्यं पाठ करायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. साठच्या पुढचे आकडे मी अजून मनात इंग्रजीत करून घेते.

लोकांनी चिंचोके ठेवले. पहिला चौकोन, 'काहीच नाही'चा, सगळ्यांनी रिकामा सोडला. एकाही घरी त्यात एक चिंचोका पडला नाही. मला ते विचित्र वाटलं होतं, हे मला नीट आठवतं. पण विचारायचं म्हणजे आणखी एक वाक्य बोलायचं. मी त्या चौकोनासमोर शून्य लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

कापणीला पोशीर गावच्या दोन शेतांतलं भात पोचट निघालं. लोंब्या ताठ उभ्या, आत दाणा नाही. ते आकडे घातले की प्रोग्रॅम थांबायचा आणि लाल ओळ यायची. चौथ्या दिवशी मी ती दोन शेतं यादीतून काढली. वजनं एका सहकाऱ्याने घेतली होती. मी स्वतःला सांगितलं की तो लिहायला विसरला असेल. प्रोग्रॅम लगेच चालला. आलेख सुंदर आला, एका बाजूला झुकलेली गोल टेकडी. रिपोर्टात मी इंग्रजीत लिहिलं की दोन नोंदी अपूर्ण असल्याने वगळण्यात आल्या. सर म्हणाले, "क्लीन दिसतंय." रिपोर्ट वाटप ठरवणाऱ्यांकडे गेला.

आठवड्याने सरांनी मला बैठकीत पद्धत समजावून सांगायला सांगितलं. त्या तयारीसाठी मी पहिल्यांदाच सगळा गुणाकार पेनाने कागदावर केला आणि चूक दिसली. शून्याला कितीही पुराव्याने गुणलं तरी शून्यच. दोन काय, तालुक्यातलं प्रत्येक शेत पोचट निघालं असतं तरी माझ्या हिशोबात पीक बुडण्याची शक्यता शून्यच राहिली असती. प्रोग्रॅम बरोबर होता. अशक्य म्हणून लिहिलेली गोष्ट घडली, असं तो सांगत होता, आणि मी घडलेली गोष्टच खोडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोशीरला गेले. त्या दोनपैकी एक शेत ज्यांचं, त्या काकू ओटीवर वाल सोलत बसल्या होत्या. काका दाराशी खाटेवर होते.

"परत आलीस काय गं? चिंचोके घिऊन?" काकू म्हणाल्या. "कंप्युटरला भूक लागली जनू."

"नापास झाली आसंल," काका म्हणाले.

मी हसले नाही, हे काकूंनी पाहिलं. त्यांनी सूप बाजूला केलं. मी पुठ्ठा काढला आणि पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं. "काकू, इथे तुम्ही तेव्हा काहीच का नव्हतं ठेवलं?"

"त्या दिशी बियानं उनाला टाकलं हुतं गं, हितंच, अंगनात. त्याच्यासमोर काय नाय येनार आसं कोन बोलंल?"

"पण तुम्हाला माहीत होतं, असं होऊ शकतं?"

"शेत जातं ते आमाला म्हाईत नसंल तर कोनाला आसंल? तू इचारलं आसतंस तर सांगितलं आसतं."

"मी घाबरले."

"कोनाला? मला?" काकू काकांकडे बघून म्हणाल्या, "बगा, तुमी कदी घाबरला नाय, ही घाबरली."

"मी रोजच घाबरतो," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "आपल्या शेताचं नाय बोलायचं. तिसऱ्याच्या शेताचं इचार. नाव नको घेऊ."

मी तसं विचारलं. काकूंनी तीन चिंचोके पहिल्या चौकोनात ठेवले. काका उठले, वाकले आणि त्यांनी आणखी एक सरकवला.

परतीच्या वाटेवर मला दुसरीच गोष्ट टोचत होती. हा रिपोर्ट तसाच राहिला तर पुढच्या वर्षी किती अंगणांत हेच बियाणं वाळत पडेल, आणि कुणीही त्याच्यासमोर काही बोलणार नाही. बोलण्याचं काम माझं होतं.

सरांच्या केबिनमध्ये मी बसले नाही. "सर, त्या दोन नोंदी अपूर्ण नव्हत्या. मी काढल्या."

त्यांनी चष्मा काढला. "का?"

"प्रोग्रॅम चालत नव्हता. विचारायची भीती वाटली."

"आणि आता नाही वाटत?"

"वाटते."

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. मला खालच्या रस्त्यावरचा टेंपो मागे घेतल्याचा आवाज आठवतो. "रिपोर्ट मागे घ्यावा लागेल," ते शेवटी म्हणाले. "मेल तू लिही. मी वाचेन, बदलणार नाही."

"माझ्या एक्स्टेंशनचं…"

"ते मी एकटा ठरवत नाही."

मेल लिहायला मला दोन तास लागले. पहिलं वाक्य 'मी'पासून सुरू होत होतं. ते दोनदा खोडून पुन्हा तसंच लिहिलं. खाली त्या दोन शेतांसकट आणि पहिल्या चौकोनातल्या चिंचोक्यांसकट काढलेला नवा आलेख जोडला, डावीकडे, 'काहीच नाही'च्या बाजूला, बुटका पण स्पष्ट उंचवटा असलेला. पाठवल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नाही. मी हात मांडीखाली घालून बसले.

उत्तर आलं: वाण आणखी एक हंगाम थोड्याच जागेवर लावून बघावं, तोवर वाटप नको. माझ्याबद्दल त्यात काही नव्हतं. अजूनही नाही. मला एकेका महिन्याची मुदत मिळते, आणि महिन्याचा शेवटचा आठवडा आला की मी दर तासाला मेल उघडून बघते.