गुलाबी शेळी आणि साहेबांची चादर

मला हसू आवरत नाही, हा माझा जुना दोष. तेविसाव्या वर्षी तर तो फारच बळावला होता. पुण्यात समाजकार्य शिकून मी नगरबाहेरच्या एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात कल्याण अधिकारी म्हणून लागले. पदाचं नाव लांबलचक, टेबल एवढंसं, आणि शिवाय कंपनीची सायकल. तिच्यावर बसून पहिल्यांदा फाटकाबाहेर पडले तेव्हा मला वाटलं, आता अख्ख्या तालुक्याचं कल्याण झाल्याशिवाय राहत नाही.

बहात्तरचा दुष्काळ अजून यायचा होता. कारखान्यामागच्या ओढ्याला हिवाळ्यातही बऱ्यापैकी पाणी असे आणि आमचं रंगाचं सांडपाणी त्याच ओढ्यात जाई. खाली मैलभरावर गाव. आमचे मॅनेजर म्हणाले, "गावात जा आणि लोकांना आपला काही त्रास होतो का, ते विचारून या." असं विचारायला पाठवणारा साहेब तेव्हा शोधून सापडला नसता. मी इस्त्रीचं पातळ नेसून गेले. सरपंचांच्या ओसरीवर पंधरा-वीस पुरुष जमले. गुळाचा चहा झाला. "तरास काय बी न्हाई, पोरांना तेवढं कामाला घ्या," असं एकमतानं ठरलं. परत येऊन मी झोकात अहवाल लिहिला: गावाची काहीही तक्रार नाही. साहेब खूश, मी त्याहून खूश.

पुढच्याच आठवड्यात त्या रस्त्यानं जाताना मला गुलाबी शेळी दिसली. पाठ पांढरी, पाय आणि पोट गुलाबी. तिच्यामागून आणखी एक आली, तीही गुलाबी. माझं हसू असं सुटलं की हँडल एकीकडे, मी एकीकडे, आणि सायकल थेट बाभळीत. ओढ्यावर कपडे आपटणारी एक बाई पदर खोचून वर आली आणि तिनं मला काट्यांतून ओढून काढलं. ती गावची परटीण. पन्नाशीची असेल. माझ्या हाताला रक्त आलं होतं आणि मी तरीही हसत होते.

"हसा, बाई," ती म्हणाली. "शेळीचं काय, तिला कुनी इचारत न्हाई. ह्ये बघा."

तिनं दगडावरचा एक पिळा उलगडला. नगरच्या लष्करी छावणीतल्या मेसची पांढरी चादर होती, आणि तिच्यावर त्या शेळीचाच रंग उतरला होता, जरा फिकट इतकंच. छावणीचं धुणं हेच तिच्या घराचं पोट. तिथून निरोप आला होता की आणखी एक खेप अशी आली तर काम दुसऱ्याला देऊ.

"मंगळवारी लाल सोडत्यात, बुधवारी निळं," ती सांगत होती. "शुक्रवारचं हिरवं लई चिवट. मी वार बघून भट्टी लावती. पर तुमी मधीच वार बदलता."

आमच्या रंगखात्याचं वेळापत्रक तिला तोंडपाठ होतं, आणि मला ते ठाऊकही नव्हतं. मी विचारलं, मग सभेत का नाही बोललात, मावशी?

"मला कुनी बलावलं? आन् सरपंचाच्या वसरीवर चढून परटीन बोलनार व्हय?" ती पुन्हा दगडाकडे वळली. "त्या समद्यांत एकानं तरी कदी आपलं धोतर धुतलंय का, त्ये इचारायचं हुतं."

मला इतकी लाज वाटली की परत जाताना सायकल हातात धरून चालत गेले.

साहेबांपुढे उभी राहिले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुम्हीच लिहिलंत ना, तक्रार नाही म्हणून?"

"लिहिलं, पण चुकीचं लिहिलं. मी ज्यांना विचारलं त्यांच्यातला एकही जण कपडे धूत नाही."

साहेबांनी आपल्या शर्टाच्या बाहीकडे पाहिलं. "मीही नाही धूत," ते म्हणाले, आणि हसले. मग मीही हसले. शिपाई पाणी घेऊन आला तर आम्ही दोघं कारण नसताना हसतच होतो.

महिन्याभरात कारखान्यामागे मोठा खड्डा खणला गेला. रंगाचं पाणी त्यात साठवायचं, चुना घालून गाळ बसू द्यायचा, आणि वरचं निवळ पाणी झडप उघडून ओढ्यात सोडायचं. आमच्या केमिस्टनं काचेच्या ग्लासात पाणी धरून उजेडात फिरवलं आणि शेरा लिहिला: स्वच्छ. साहेब म्हणाले, आता त्या बाईंना दाखवू. मी उड्या मारत गेले.

तिनं ग्लासाकडे पाहिलंही नाही. "पानी बघून काय कळतंय? कापड घाला."

"आपल्या गोदामातून देतो," केमिस्ट म्हणाला.

"ते नगं. घरातली चादर आना. सायबांच्या घरातली."

साहेबांनी खरंच आणली. त्यांच्या बायकोच्या माहेरची, पांढरीशुभ्र, कडेला भरतकाम केलेली. बायकोला काय सांगितलं हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारायचं धाडस केलं नाही. झडप उघडली, तासभर पाणी वाहू दिलं, आणि मावशीनं ती चादर ओढ्यात बुडवून दगडावर अशी आपटली की साहेबांनी डोळे मिटले. ओली चादर अगदी पांढरी दिसत होती. केमिस्टनं लगेच कागद पुढे केला.

"थांबा की," ती म्हणाली. "वलं कापड लबाड असतंय. वाळू द्या."

मग आम्ही वाट पाहत बसलो. एक मॅनेजर, एक केमिस्ट आणि एक कल्याण अधिकारी, उन्हात तापलेल्या दगडांवर ओळीनं, समोरच्या चादरीकडे डोळे लावून. गावातल्या बायका पाण्याला आल्या आणि पाण्याचं विसरून आमच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या. साहेबांनी टोपी काढून डोक्यावर रुमाल बांधला तेव्हा मी खाली पाहून पायाची बोटं मोजत बसले.

चादर वाळली. मावशीनं ती दोन्ही हातांत धरून उन्हाकडे केली. आधी काहीच दिसेना. मग भरतकामाच्या कडेनं गुलाबी झाक दिसली. अगदी पुसट, पण होती. माझं हसू तिथंच विरलं.

केमिस्ट म्हणाला, "हे नजरेला जाणवतसुद्धा नाही, साहेब."

झडप बंद म्हणजे रंगकाम बंद, आणि रंगकाम बंद म्हणजे साहेबांना मुंबईच्या मालकांकडून बोलणी, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. साहेबांनी जरा चाचरत तिला विचारलं, "एवढं चालेल का, मावशी?"

"मला काय इचारता?" ती म्हणाली. "चादर तुमची हाय. तुमीच सांगा, चालंल का."

साहेबांनी चादर हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि घडी घालून काखेत मारली. "झडप बंद करा," ते केमिस्टला म्हणाले. "यांनी हो म्हटल्याशिवाय उघडायची नाही. गाळायचं आणखी काय करता येतं ते बघा. सोमवारी पुन्हा येऊ."

"या की," मावशी म्हणाली. "येताना दुसरी चादर आना."