सासऱ्याला खोली दाखवली

हसू नका म्हणलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून सांगूनच टाकतो. सोन्यासारखं स्थळ मी स्वतःच्या तोंडानं घालवलं, आणि तेबी ड्युटीवर!

मी वृद्धाश्रमाच्या ऑफिसात असतो. फोन, पावत्या, नव्या माणसांची विचारपूस, सगळं माझ्याकडं. वय चौतीस, लग्न नाय. आमच्या सोयगावाकडं म्हशीला गिऱ्हाईक मिळंल, पण पोराला पोरगी मिळंना. आईनं तर देव पाण्यात घातलेले.

एका दुपारी वैजापूरहून जोडपं आलं. काका साठीचे, टोपीवाले. काकूंची नजर सगळीकडं फिरत होती. आता तुम्हीच सांगा, वृद्धाश्रमात साठीचं जोडपं कशाला येतंय? मी पाणी दिलं, चहा सांगितला आणि सुरूच झालो.

"काका, शुगर, बीपी?"

"नाय बा."

"रात्री उठावं लागतं?"

काका काकूंकडं बघाय लागले. "एखाद्या वेळी. का हो?"

"चालतंय. संडासला आपलं आपण जाता ना?"

"आतापर्यंत तर गेलो."

मला वाटलं, लाजतेत. नवीन माणसं लाजतातच.

काकूंनी विचारलं, "राहायची सोय?"

"ही समोरचीच बघा, हवेशीर खोली हाय. दोघं आरामात राहतात."

"आणि घरचे सोबत असतात?"

"छे! घरच्यांची कटकट नको म्हणून तर माणूस इथं येतो."

काकूंचा चेहरा खुलला. तिथंच थांबायचं की नाय? पण माझ्या जिभेला हाड कुठंय!

"काका," मी म्हणलं, "पोरांवर किती दिवस ओझं व्हायचं? उद्याच बोजाबिस्तरा आणा. पार दहाव्यापर्यंत आम्ही बघतो."

काका उठले. टोपी नीट केली आणि चहा न घेताच गेले.

संध्याकाळी आईचा फोन. "आरं मुडद्या, मुलीचे आईबाप होते ते! न सांगता कामावर जाऊन पोरगं बघावं म्हणून आलते."

"मग काय म्हणले?"

"काका म्हणतेत, जो पहिल्याच भेटीत सासऱ्याचा दहावा घालतो त्याला पोरगी नाय. काकूंना मात्र खोली लई पसंत पडली. त्यांच्या सासूसाठी धरून ठेव म्हणल्यात."

"बरं, ठेवतो."

"आणि शेजारची खोली तुझ्या नावावर धर," आई म्हणली. "तुझ्या म्हातारपणाला दुसरं कोण हाय आता?"