ग्राफ घराण्याची मावशी

हॉस्पिटलात कार्डिओग्राफ काढायच्या खोलीत जी बाई नऊ वर्षं मदतनीस होती, तिला सगळे मावशी म्हणत. ती माझ्याहून बावीस वर्षांनी लहान, तरी मीही मावशीच म्हणते आणि ती मला काकू. यजमानांच्या शेवटच्या तीन वर्षांत आम्ही त्या खोलीत एकतीस वेळा गेलो. डायरीत प्रत्येक खेपेची नोंद आहे. टेक्निशियन फक्त बटण दाबत. मनगटाला चिमटे लावणं, छातीवर गार जेली फासून सहा रबरी फुगे नेमक्या जागी बसवणं, हे सगळं मावशी करी.

यजमान गेल्यावरही दर गुरुवारी ड्यूटी संपली की ती माझ्याकडे चहाला येत राहिली. अशाच एका गुरुवारी तिने चहा निववून ठेवला आणि प्यायलीच नाही.

टेक्निशियन निवृत्त होणार होते. आतल्यांपैकी कुणी परीक्षेत उतरलं तर जागा त्याला, नाहीतर बाहेरून माणूस येणार आणि मावशी पुन्हा वॉर्डात, बेडपॅन उचलायला. हाताच्या कामाची तिला भीती नव्हती. भीती होती मशीनांच्या इंग्रजी नावांची, कारण ती तोंडी विचारणार होते.

"कार्डिओग्राफ, मायोग्राफ, एन्सेफॅलोग्राफ," ती म्हणाली, "पाठ करून उठते तोवर एकमेकांचे कपडे घालून बसलेले असतात मेले."

आमच्या कॉन्व्हेंटातल्या एक सिस्टर शब्द असे फोडून शिकवत की ते जन्मभर विसरू नयेत. मी तेच केलं. म्हटलं, "ग्राफ हे आडनाव समज. मूळ घर ग्रीक. घरातले झाडून सगळे लिहिणारे."

"आणि पुढचं?"

"ते पोरांचं नाव. कोण काय लिहितो ते त्यात असतं. कार्डिओ हृदयाचं लिहितो, मायो स्नायूंचं, एन्सेफॅलो मेंदूचं. फोटो उजेडाने लिहितो. टेली लांबून."

"लांबून का होईना, लिहितो ना. माझा लेक शेजारच्या गल्लीत राहून चार ओळी लिहीत नाही."

"सिस्मो भूकंप झाला की लिहितो."

"हा आमच्या ह्यांच्यावर गेलाय. एरवी गप्प."

"ऑटो स्वतःच्या हाताने स्वतःचंच लिहितो. म्हणजे सही."

"एकलकोंडा आहे," मावशीने निकाल दिला. मग विचारलं, "आणि जिराफ?"

"तो यांच्यातला नाही."

"मान बघूनच वाटलं होतं."

पुढचे पाच गुरुवार आम्ही ते घराणं पालथं घातलं. एरवीच्या दिवशी मावशी उजळणी करी ती पेशंटांसमोर, आणि तिथे एक चूक झाली. फुगे लावून झाल्यावर ती टेलीची आणि सिस्मोची गोष्ट सांगू लागली. पेशंट हसले आणि कागदावर रेघ नाचायला लागली. एका सकाळी चार पट्ट्या वाया गेल्या. टेक्निशियन म्हणाले, "मावशी, तपासणी चाललीय की बारसं?"

पण तिच्या एक लक्षात आलं. "घाबरू नका" म्हटलं की माणूस हटकून घाबरतो. हसून झालं की मात्र हातपाय आपोआप सैल पडतात. मग तिने क्रम बदलला. आधी घराणं, मग चिमटे, मग कुणीच बोलायचं नाही.

परीक्षा बुधवारी, अकरा तारखेला झाली. खाटेवर एक म्हातारे घड्याळदुरुस्तीवाले होते. जन्मभर बारीक चिमट्यांनी काम केलेले हात, पण त्या दिवशी लटपटत होते. खुर्चीत मोठे डॉक्टर. मावशीही घाबरली आणि नेहमीचा क्रम विसरून तिने थेट चिमटे लावून मशीन सुरू केलं. पट्टी निघाली ती करवतीच्या दात्यांसारखी.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं.

मावशीने चिमटे सोडवले. "साहेब, चार मिनिटं द्या," म्हणाली, आणि खाटेशी वाकून घड्याळवाल्यांना ग्राफांच्या घरी घेऊन गेली. ऑटोपर्यंत पोचले तेव्हा आजोबा म्हणाले, "असा एक आमच्या दुकानात आहे." त्यांचे खांदे खाली आले. मग चिमटे, फुगे, शांतता. या वेळी रेघ आखल्यासारखी आली.

डॉक्टरांनी पट्टी उजेडात धरली. मायो, एन्सेफॅलो विचारून झाले, ते तिने बरोबर सांगितले. मग त्यांनी विचारलं, "पॉलिग्राफ?"

हा मी शिकवायचाच विसरले होते.

"या पोराशी ओळख नाही साहेब," मावशी म्हणाली. "पण आडनाव ग्राफ आहे म्हणजे काहीतरी लिहीत असणार. काय लिहितो ते सांगा, चिमटे कुठे लावायचे ते मी सांगते."

"एका वेळी बरंच काही लिहितो. नाडी, श्वास, घाम."

"म्हणजे आमच्या काकू," मावशी म्हणाली. "मग नाडीला मनगट, श्वासाला छातीभोवती पट्टा, घामाला बोटं."

हे मला तिने सांगितलं आणि नंतर घड्याळवाल्यांनीही. दोन्ही हकिगती जुळल्या म्हणून इथे लिहिल्या.

शनिवारी तिच्या नावाचं नेमणुकीचं पत्र आलं. पुढच्या आठवड्यात मी मुद्दाम तपासणीला गेले. माझी पट्टी तिने कापली आणि खाली, टेक्निशियनच्या जागी, हळूहळू सही केली. डायरीत त्या दिवसाच्या पानावर मी काही लिहिलं नाही, ती पट्टीच चिकटवली आहे.

"ऑटोला उगाच नावं ठेवली," पेन खिशाला लावत ती म्हणाली. "बरा आहे तो."