रोल नसलेल्या कॅमेऱ्यातला फोटो

माझ्या रोलच्या कॅमेऱ्याचं कौतुक करता ना? मग हेही वाचा.

रोल महाग. म्हणून खेड्यात कुणी फोटोसाठी मागं लागलं, की मी रिकाम्या कॅमेऱ्याचं बटण दाबतो. आवाज तसाच येतो, माणूस खूश होतो.

दिवाळीत किल्लारीला एक मावशी पदर सावरून नवऱ्याशेजारी उभी राहिली. मी तेच केलं. वर म्हणालो, "लातूरला आलात की घेऊन जा."

आज ती माझ्या दुकानात आली. पिशवीत काचेची नवी फ्रेम.

"आमचे मालक गेले. त्यांचा दुसरा फोटोच न्हाई."

"रोल खराब निघाला, मावशी."

तिनं फ्रेम परत पिशवीत ठेवली. "जाऊ द्या बाबा. तुमचाबी रोल वाया गेला की."

सांगा, खरं बोलायला किल्लारीला जाऊ, का तिला माझी कीव करत राहू देऊ?