शहाडची गाठ

मी भित्रा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला शूर समजणार नाही. अंगावर झुरळ चढलं तर मी अजूनही अंगरखा काढून भिरकावतो. कोर्टात कारकून होतो, तेव्हा न्यायाधीशांच्या मेजावर नुसते कागद ठेवायला जायचं असलं तरी माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. अशा माणसाने ठाण्याहून शहाडपर्यंत एकट्याने दुचाकी नेली, तीही जुनी आणि ब्रेक तुटलेली, हे आमच्या नातवंडांना पटत नाही. ती म्हणतात, आजोबा थापा मारतात. मारतोही, पण ही थाप नाही.

प्लेगचं साल होतं. ठाण्यात उंदीर मरून पडू लागले, तेव्हा मी कुटुंबाला, म्हणजे बायकोला, घाईघाईने कल्याणला तिच्या माहेरी पाठवून दिलं. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. तिला तिथे सुरक्षित ठेवल्याच्या समाधानात मी जेमतेम पंधरवडा काढला असेल, तोच उंदीर कल्याणातही पडू लागले. माझ्या सासऱ्यांनी घर बंद केलं आणि सगळं बिऱ्हाड शहाडला, नदीजवळच्या एका आमराईत, झावळ्यांच्या झोपड्यांत हलवलं. कल्याणची आणखी पुष्कळ घरं तिथे होती. हे मला कळलं ते एका आगरी तांडेलाकडून. त्याचा मचवा कल्याणच्या खाडीतून ठाण्याला यायचा आणि माझा मेव्हणा त्याच्याकडे निरोप द्यायचा. पुढे त्या बाजूच्या होड्यांना धक्क्याला लागायची बंदी झाली. मग मी रोज संध्याकाळी धक्क्यावर उभा राहायचो आणि तांडेल दुरूनच ओरडून सांगायचा, "समदी बरी हायेत!" तेवढ्यावर माझं जेवण गोड व्हायचं.

एके संध्याकाळी वारा सुटला होता. मचवा नेहमीपेक्षा लांबून चालला होता. तांडेलाने मला पाहिलं, तोंडाला दोन्ही हात लावले आणि ओरडला. त्यातलं मला एवढंच ऐकू आलं: "बायची गाठ... बेगीन बलवलंय!"

त्या साली गाठ या शब्दाला एकच अर्थ उरला होता. बायका धाग्याला गाठ मारायची झाली तरी शब्द न काढता मारायच्या. काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची आणि तीन-चार दिवसांत माणूस जायचा. मी "काय? काय?" असं ओरडत चिखलात गुडघाभर उतरलो, पण मचवा पुढे निघून गेला होता. घरी येऊन मी पाटावर बसलो आणि तसाच बसून राहिलो. मला रडूही येईना.

आगगाडीने गेलो असतो तर दोन घटकांचं काम होतं. पण कल्याणच्या स्टेशनात डॉक्टर प्रत्येक उतारूचं अंग चाचपत आणि ज्याला ताप त्याची रवानगी प्लेगच्या छावणीत होई. मला त्या दिवसांत हिवतापाच्या पाळ्या येत होत्या. हा हिवताप आहे, तो ताप नाही, हे तिथे कोण ऐकून घेणार? बैलगाडीवाले त्या बाजूचं नाव काढलं की कानांवर हात ठेवत. चालत जाण्याचं माझ्या पायांत बळ नव्हतं. उरली आमच्या कोर्टातल्या वकीलसाहेबांची दुचाकी.

हे वकीलसाहेब पारशी. त्यांच्याकडे वाऱ्याच्या चाकांची नवी दुचाकी आल्यापासून जुनी तबेल्यात पडून होती. तिच्या चाकांना भरीव रबराची धाव होती. खडा आला की तो थेट आपल्या दाढांत जाणवायचा. हौस म्हणून मी संध्याकाळी मैदानात तिच्यावर बसायला शिकलो होतो, म्हणजे सरळ जायला शिकलो होतो. वळायचं झालं की उतरायचो. मी हात जोडून उभा राहिलो तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, "घेऊन जा नी! ब्रेक नाय हाय, पाय लाव." मग माझ्या पगडीकडे पाहून म्हणाले, "आ पगडी साथे तू पडेल," आणि स्वतःची जुनी साहेबी टोपी माझ्या डोक्यावर दाबली.

पहाटे निघालो. कळव्याच्या पुलावर पोलीस बसलेला. मी मनाशी म्हटलं, आता हा अडवणार, हात धरणार, हात गरम लागणार. त्याने टोपी पाहिली, दुचाकी पाहिली, ताडकन उभा राहिला आणि सलाम ठोकला. मलाही सलाम करायचा होता, पण हँडल सोडायची छाती नव्हती. मी मान हलवली आणि पुढे गेलो. खाली भरतीचं पाणी होतं, त्याकडे मी पाहिलंच नाही.

पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी चढ आला तसा उतरून ढकलत गेलो. त्या रानात वाघरू आहे असं लोक सांगत, म्हणून मी मोठ्याने रामरक्षा म्हणत होतो. मुंब्र्याकडे उतार लागला आणि वाघरू परवडलं असं झालं. दुचाकी माझं ऐकेना. मी पाय लावायला गेलो तर जोडा चाकात अडकून कुठे उडाला ते दिसलंही नाही. दुसरा मीच झटकून टाकला. पायडलवरचं रबर केव्हाच झिजून गेलं होतं, नुसते लोखंडी दात उरले होते. एका चरात चाक गेलं, मी आडवा झालो, आणि त्या दातांनी उजवं पाऊल तळाशी चांगलंच फाडलं. उपरणं फाडून बांधलं आणि पुन्हा बसलो. पायाचं दुःख करायला वेळ नव्हता. मनात एकच हिशेब चालू होता: काल संध्याकाळी निरोप मिळाला, म्हणजे गाठ परवा आली असेल, आज ती बोलत असेल का?

शिळेच्या फाट्यापर्यंत जी गावं लागली, त्यांत माणूस दिसेना. घरांना कड्या घातलेल्या, आणि लोक शेतांत झोपड्या बांधून राहिलेले. मी लांबून दिसलो की त्या झोपड्यांत पळापळ व्हायची. पोरांना उचलायचे, कोणाला तरी घोंगडी पांघरवून पेंढ्यात लोटायचे. पहिल्यांदा मला वाटलं, माझ्या मागून काही येतंय. मी घाबरून वळून पाहिलं आणि पुन्हा पडलो.

फाट्याजवळच्या विहिरीवर एक म्हातारी आगरीण होती. तिला पळता आलं नाही. घशाला कोरड पडली होती, मी म्हटलं, "बाई, जरा पाणी द्या."

ती हात जोडून म्हणाली, "साएब, आमचे घरान कोन आजारी नाय."

"अहो, मला तहान लागलीय."

"कोनला ताप नाय, साएब. कोनला कायबी नाय."

मी टोपी काढली, शेंडी दाखवली, जानवं दाखवलं. "मी साहेब नाही हो. माझी बायको आजारी आहे, तिच्याकडे चाललोय."

म्हातारीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग लांबूनच माझ्या ओंजळीत पाणी ओतलं. मी पीत असताना तिने विचारलं, "तुजे बायकोला नेतस का छावनीन?" तिचा विश्वास काही बसला नव्हता. मी आयुष्यभर सगळ्यांना घाबरत आलो. मला कोणी घाबरण्याची ती पहिली वेळ, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. टोपी मी तिथेच टाकणार होतो, पण ऊन होतं आणि टोपी वकीलसाहेबांची होती.

तिथून कल्याणपर्यंत रस्ता कसला, गाड्यांच्या चाकोऱ्याच. दुपारी मला थंडी वाजू लागली. वैशाखाच्या उन्हात मी कुडकुडत दुचाकी हाकत होतो. डोंबिवली आणि कोपरकडची शेतं डाव्या हाताला लांबवर दिसत होती आणि मला ती हलताना दिसत होती. एकदा वाटलं, आपण उशिरा पोचू आणि सासरे बाहेर येऊन काही न बोलता उभे राहतील. ते चित्र डोळ्यांसमोरून जाईना. मी देवाला काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही, आणि आठवलं तरी इथे सांगणार नाही. कल्याण गावात शिरलो असतो तर पुन्हा तपासणीची भीती, म्हणून गाव बाजूला ठेवून बांधाबांधाने, दुचाकी खांद्यावर घेऊन गेलो. पाय जमिनीला टेकला की डोक्यापर्यंत कळ जायची.

ऊन उतरता उतरता शहाडची आमराई दिसली. झोपड्यांच्या चुली पेटत होत्या. मी दुचाकीवर बसूनच आत शिरलो, कारण चालण्याचं त्राण नव्हतं. कोणीतरी किंचाळलं, "तपासणीवाला आला!" आणि एका क्षणात सगळी आमराई पळत सुटली. चुलीवरची भांडी तशीच, पाटावरचं पीठ तसंच. त्या पळणाऱ्यांत एक हिरवं लुगडं होतं. हातातला तांब्या टाकून, काष्टा सावरत, ते लुगडं सगळ्यांच्या पुढे, अगदी हरणासारखं पळत होतं. ते लुगडं मी घेतलेलं होतं.

गाठ आलेल्या माणसाला उभं राहता येत नाही. माझा जीव भांड्यात पडला. माझी बायको मला पाहून जिवाच्या आकांताने पळत होती आणि मी दुचाकीसकट एका आंब्याखाली कोसळून हसत होतो. हसता हसता रडू लागलो, तेव्हा मेव्हण्याने मला ओळखलं.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. ती भावाला म्हणाली होती, "त्यांना म्हणावं, एकदा गाठ पडली तर बरं." भावाने तांडेलाला सांगितलं, "बाईंची गाठ घ्यायला या म्हणावं, लवकर बोलावलंय." उरलेलं वाऱ्याने नेलं. सासरे डोक्याला हात लावून म्हणाले, "अगं, या दिवसांत हा शब्द वापरतं का कोणी!" आमराईत सगळे हसले. ती आडोशाला उभी होती, तीही पदर तोंडाला लावून हसत होती. त्या संध्याकाळी मी पोटभर जेवलो.

सकाळी जाग आली ती उजव्या जांघेत ठणका लागून. हात लावून पाहिला. गाठ होती. चांगली सुपारीएवढी, हात लावू देत नव्हती. अंगात ताप होताच.

मी कोणाला सांगणार नव्हतो, पण माझं तोंड पाहून सासऱ्यांना समजलं. माझा हात जांघेवर होता, तो त्यांनी पाहिला. कालचं हसू कुठल्या कुठे गेलं. बायकांनी पोरं जवळ ओढली. दुपारपर्यंत मला आमराईच्या टोकाला एका रिकाम्या झोपडीत नेऊन ठेवलं, पाण्याची घागर ठेवली आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर त्यांच्याहून लांब उभा राहिलो असतो. झोपडीत पडल्या पडल्या माझे दात वाजत होते आणि ते नुसते थंडीने वाजत नव्हते. मला मरायचं नव्हतं. मला इतकी भीती आयुष्यात कधीच वाटली नाही.

ते नुसतं अवधाण होतं. पायाच्या तळव्याला जखम झाली की जांघेत अवधाण येतं आणि जखम भरली की आपोआप जिरतं, हे घरातल्या कोणत्याही बाईला एरवी सहज सुचलं असतं. पण त्या साली एरवीचं काही कोणाला सुचत नव्हतं. चार दिवसांनी ते जिरलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना शहाणपणा शिकवला. त्या दुपारी मात्र ती प्लेगची गाठ होती. मला तसंच वाटत होतं, आणि तिलाही.

झावळी बाजूला झाली आणि ती आत आली. बाहेरून तिची आई रडत हाका मारत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. माझ्या पायाशी बसली आणि उपरण्याची रक्ताने वाळलेली पट्टी भिजवून सोडवू लागली.

मी म्हटलं, "अगं, बाहेर जा. काल माझ्याकडे पाहून पळालीस तशी पळ."

"काल साहेब आहे असं वाटलं होतं," ती म्हणाली. पट्टी सोडवायचं तिने काही थांबवलं नाही.

थोड्या वेळाने मी विचारलं, "बोलावलं होतंस कशाला? काम काय होतं?"

त्या काळी नवऱ्याला काही कामाशिवाय बोलावणं बायकोला शोभत नसे. तिने पट्टीचा शेवटचा वेढा सोडवला.

"काम काही नव्हतं. तिकडे ठाण्यात इकडचं एकटं राहणं होतं, मला भीती वाटत होती. वाटलं, एकदा गाठ पडावी." शब्द तोंडातून गेला आणि ती थांबली. मग माझं पाऊल तिने मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "पडली ना? आता मी इथून उठायची नाही."