दादाने न ऐकलेली रेकॉर्ड

झाशीच्या ट्रान्सफॉर्मर कारखान्यात जनार्दन तीस वर्षं तपासणीवर होता. यंत्राची गुणगुण ऐकून तो आतला दोष सांगायचा. निवृत्तीनंतर तेच कान गेले, आणि गेलेल्या कानांत एक विलायती बँड वाजू लागला.

हा बँड त्याला थोरल्या भावाने, शशिकांतदादाने ऐकवला होता. वीस-वीस मिनिटांचं एकेक गाणं, आणि त्यात भरून आलेल्या आभाळासारखा ऑर्गन. पुढे ऑर्गन मागे पडला, सिंथेसायझर आला, गाणी आखूड झाली. मग गायकही बदलला. "नाव तेवढं जुनं उरलं," म्हणत दादाने नव्या गायकाची रेकॉर्ड ऐकलीच नाही. त्याच साली तो वारला. बँड मात्र अजून वाजवतो आहे.

सिविल लाइंसमधले डॉक्टर म्हणाले, "अंकल, कान खाली हो गए, तो दिमाग खुद बजाता है. मशीन लगाइए, बंद हो जाएगा."

जनार्दनने कानाचं मशीन आणलं आणि डबीतच ठेवलं. कानातला बँडही वर्षं ओलांडत चालला होता. दिवाळीला पहिल्या रेकॉर्डचा ऑर्गन होता. होळीपर्यंत सिंथेसायझर शिरला. वाजू लागलं की दिवाणावर शेजारी दादा येऊन बसे. दिसत नसे, पण गादी दबे; म्हणूनच मशीन डबीत होतं. आता दादाने ऐकलेली शेवटची रेकॉर्ड सुरू होती. ती संपली की तो पुन्हा जाणार, ही धास्ती जनार्दनला लागली होती.

एका दुपारी त्याची बायको सुहासिनी त्याच्या कानाशी ओरडली, "अहो, मी काय दीवारीशी बोलते? मशीन लावा, नाहीतर त्या बँडवाल्यांनाच सांगा पोळ्या लाटायला!"

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. ती हसली नाही. पुन्हा कानाशी वाकली.

"मग दादांना पुढचं ऐकवा ना. किती दिवस त्यांना तिथेच बसवून ठेवाल?"

जनार्दनने मशीन कानात घातलं. सूर मधेच तुटला. पंख्याची घरघर आली, सुहासिनीच्या बांगड्या आल्या. त्याने मोबाईलवर नव्या गायकाची रेकॉर्ड लावली.

सुहासिनी दिवाणावर बसायला आली, तर त्याने शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. तिने स्टूल ओढलं.