लांब दगडांची कॉर्निस

"हे दगड वर जाणार नाहीत," मी म्हणाले.

निखिलनं आधी मागे वळून पाहिलं, आसपास कोणी ऐकत नाही ना म्हणून. मग मराठीत म्हणाला, "ताई, हळू बोल ना. क्रेन उद्या येतो."

"येऊ दे. रिकामी परत जाईल."

निखिलचा जन्म लेस्टरचा, त्यामुळे त्याच्या मराठीत क्रेन कधी येतो, कधी येते. त्याचं मला काही नाही, इथे वाढलेला मुलगा मराठी बोलतो हेच पुष्कळ. तो डेव्हलपरच्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि स्वतःच्या जबाबदारीवर मिळालेली ही त्याची पहिलीच बिल्डिंग होती. मी फसाड इंजिनिअर. फसाड म्हणजे इमारतीचं बाहेरचं अंग. ते उभं राहील, गळणार नाही आणि कोणाच्या डोक्यात पडणार नाही, हे बघणं माझं काम. माझी सही झाल्याशिवाय बाहेरचा एक दगडही वर चढत नाही. लोकांना हे फार उशिरा आठवतं.

बिल्डिंग पश्चिम लंडनमधली, श्रीमंत लोकांसाठीचे फ्लॅट्स. आतून काँक्रीटचा नेहमीचा सांगाडा, पण बाहेरून सगळा लाइमस्टोन. ब्रोशरमध्ये लिहिलं होतं की महायुद्धापूर्वीच्या जुन्या मॅन्शन ब्लॉक्सचा, म्हणजे त्या काळच्या आलिशान फ्लॅट-इमारतींचा, थाट इथे पुन्हा अनुभवा. जुना थाट आणि अंडरफ्लोअर हीटिंग, दोन्ही. मला स्वतःला ती आवडायची, खोटं कशाला बोलू! आमच्या एजवेअरच्या रस्त्यावर सगळी विटांची घरं एकसारखी, त्यातून बाहेर पडून रोज तो सायीच्या रंगाचा दगड चढताना बघायला छान वाटायचं.

जुन्या थाटातला मुख्य दागिना म्हणजे कॉर्निस. भिंतीतून बाहेर आलेली नक्षीदार दगडी पट्टी. या बिल्डिंगला दोन होत्या, एक गच्चीजवळ आणि एक मोठ्या दरवाजाच्या वर, थेट फुटपाथवर झुकलेली. तिचेच दगड त्या दिवशी पॅलेटवर माझ्यासमोर पडले होते.

आता थोडं दगडाबद्दल सांगायला हवं. लाइमस्टोन समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून तयार होतो. खारी कशी पदरापदराची असते, तसाच. वरून दाबली तर खारी बरंच सोसते, पण कडेचा पदर सुटायला लागला की सुटतच जातो. म्हणून भिंतीत दगड जमिनीत होता तसाच, थर आडवे ठेवून लावतात. वरचं वजन थरांना दाबून ठेवतं. हे इथल्या प्रत्येक दगड-कामगाराच्या हाडात मुरलेलं आहे.

फक्त कॉर्निस त्याला अपवाद. ती हवेत बाहेर आलेली असते. थर आडवे ठेवले तर सगळ्यात खालच्या थराला खाली आधारच नाही. पाणी मुरतं, थंडीत त्याचा बर्फ होतो आणि एक दिवस तो थर गळून पडतो. म्हणून कॉर्निसचा दगड वळवून घेतात, थर उभे, शेल्फवरच्या पुस्तकांसारखे, प्रत्येकाचं एक टोक भिंतीत. याला आम्ही एज-बेडेड म्हणतो.

माझ्या समोरचे दगड मात्र माझ्याएवढे लांब होते. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. हा दगड ज्या खाणीतून येतो तिथे चांगल्या दगडाचा थर जेमतेम मीटरभर जाड निघतो. दगड उभा वळवायचा तर त्याची लांबी त्या जाडीपेक्षा जास्त होऊच शकत नाही. मग हे लांबलचक दगड आले कुठून?

मी खिडक्या पुसायचा स्प्रे मागवला आणि दगडाचं कापलेलं टोक ओलं केलं. दगड ओला झाला की त्यातल्या शिंपल्यांच्या चकत्या दिसायला लागतात, आणि त्या थराच्या दिशेनंच निजलेल्या असतात. सगळ्या आडव्या. दुसरा दगड आडवा, तिसराही आडवा.

डर्मट माझ्या खांद्यावरून बघत होता. तो दगड बसवणाऱ्या कंपनीचा मॅनेजर, आयरिश, आवाज असा की रस्त्यापलीकडे ऐकू जावा.

"आर्किटेक्टच्या ड्रॉइंगप्रमाणेच कापलेत," तो म्हणाला.

"ड्रॉइंगवर एज-बेडेड लिहिलंय."

"आणि लांबीही लिहिलीय. दोन्ही एकाच वेळी होत नाही. आमच्या लोकांनी लांबी पाळली."

झालं होतं ते इतकंच. आम्ही तपासलेल्या ड्रॉइंगमध्ये दगड आखूड होते. त्यानंतर आर्किटेक्टला वाटलं की जोड फार दिसतात. त्यानं दगड लांब केले, खिडक्यांच्या कडांशी जुळवले आणि एज-बेडेडची ओळ तशीच राहू दिली. कापणाऱ्यांनी दोन सूचनांपैकी मोजता येणारी निवडली. कोणी खोटं बोललं नव्हतं, कोणी पैसे खाल्ले नव्हते. अशा वेळी भांडायलाही धड कोणी सापडत नाही.

दुपारी साइट ऑफिसात सगळे जमलो. ज्युलियन, म्हणजे आर्किटेक्ट, मफलर न काढताच बसला होता.

"प्रत्येक दगडाला स्टेनलेस स्टीलच्या पिना आहेत," तो म्हणाला. "तुम्हीच डिझाइन केल्यात. मग पडेल कसा?"

"पिना दगडाला बिल्डिंगशी धरून ठेवतात. दगडाचा खालचा थर दगडाला धरून ठेवायचं काम पिनांचं नाही."

"आणि हे कधी होईल? उद्या?"

"ते मला सांगता येणार नाही. दहा हिवाळे काढेल, चाळीसही काढेल."

"चाळीस!" तो हसला. "तोपर्यंत आपण कोणीच इथे नसू."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आपण नसू, पण फुटपाथ असेल ना?"

डर्मट उगाच चहा ढवळत बसला.

निखिल मला बाहेर घेऊन आला. चेहरा उतरला होता बिचाऱ्याचा. "ताई, ऐक. मी माझ्या डायरेक्टरला वर्ड दिला आहे की दरवाजा या महिन्यात पूर्ण. नवीन दगड म्हणजे उन्हाळा. ते मला काढून टाकतील या जॉबवरून."

"मला कळतंय."

"नाही कळत तुला! माझा बाबा सगळ्या लेस्टरला सांगून बसलाय की ही बिल्डिंग निखिलची. तू सही कर, प्लीज. बाकी इंग्लिश लोक असते तर मी विचारला पण नसता. तू आपली आहेस म्हणून विचारतो."

हे वाक्य मला झोंबलं. आपली आहेस म्हणून! आपल्या माणसाकडे असली सही मागायची असते का? पण त्याची भीतीही माझ्या ओळखीची होती. त्याच्या वयाची असताना मी या देशात आले, तेव्हा माझीही अशीच एक पहिली बिल्डिंग होती आणि रात्री तिची स्वप्नं पडायची.

"निखिल, मी आपली आहे म्हणूनच सांगते," मी म्हणाले. "सही केली तर तुझा हा महिना वाचेल. पण ही बिल्डिंग जन्मभर तुझ्या नावावर राहणार आहे. आणि मी सही करणार नाही, तेव्हा पुढचं बोलूया."

तो पाठ फिरवून आत गेला.

मी ग्रॅहमला, माझ्या बॉसला फोन केला. ग्रॅहम सज्जन माणूस, पण मोठ्या क्लायंटपुढे त्याचा कणा जरा मऊ पडतो.

"दुसऱ्या कोणाला बघायला सांगू का?" त्यानं विचारलं.

"जरूर सांग. स्प्रेची बाटली मी इथेच ठेवते."

मग म्हणाला, "ठीक आहे. पण नुसतं नाही म्हणून येऊ नकोस, काहीतरी मार्ग काढ."

मार्ग काढायचा म्हणजे ज्युलियनला आखूड दगड पटवायचे. फुटपाथचं त्याला सांगून झालं होतं, त्यानं तो हलला नव्हता. मग मी त्याच्या मर्मावरच बोट ठेवलं. म्हटलं, "मफलर गुंडाळलेलाच आहे, तर पाच मिनिटं चल माझ्याबरोबर."

मागच्या रस्त्यावर एक खराखुरा जुना मॅन्शन ब्लॉक आहे, महायुद्धापूर्वीचा. ज्युलियनच्या ऑफिसच्या भिंतीवर त्याचा मोठा फोटो होता आणि आमची बिल्डिंग त्यावरूनच बेतलेली. निखिलही मुकाट्यानं मागे आला. मी फोनचा कॅमेरा झूम केला आणि ज्युलियनच्या हातात दिला.

"कॉर्निस बघ. जोड मोज."

त्यानं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. एकेक दगड हातभर, फार तर दोन हात. जोडच जोड. खिडक्यांच्या कडांशी एकही जुळत नव्हता.

"फोटोत हे दिसत नाही," तो हळूच म्हणाला.

"फोटो समोरून काढलाय. ज्याची नक्कल करायची त्याच्या खाली तरी उभं राहून बघावं माणसानं!"

हे मी जरा जास्तच बोलले, पण तो चिडला नाही. मान वर करून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "आखूड दगडांनी सावली जास्त तुटते. खरं म्हणजे जास्त छान दिसतं."

मला हसावं की रडावं कळेना. माणसांच्या डोक्यात दगड पडेल म्हणून जे मान्य होत नव्हतं, ते सावलीसाठी दोन मिनिटांत मान्य झालं. असो. मला हवं ते मिळालं होतं.

निखिलला मात्र काही मिळालं नाही. नवे दगड कापून यायला उन्हाळा उजाडला. डायरेक्टरनं त्याच्या डोक्यावर एक सीनियर मॅनेजर आणून बसवला. त्याला काढलं नाही, पण मीटिंगमध्ये तो आता कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचा. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, तेही इंग्लिशमध्ये. मला वाईट वाटायचं. घरी नवऱ्याला म्हटलंही, की मी बरोबर होते तरी त्या पोराचं माझ्यामुळेच वाटोळं झालं. तो म्हणाला, "दगडामुळे झालं." पण असं म्हणून काही बरं वाटत नाही.

आणि आमच्या कामात आपण बरोबर होतो याचा पुरावाही मिळत नाही. चुकलं तर दगड पडतो. बरोबर असलं तर काहीच होत नाही, वर्षानुवर्षं काहीच होत नाही.

बिल्डिंग पूर्ण झाली तेव्हा कामावरच्या लोकांना घरच्यांसह बघायला बोलावलं होतं. मी पोहोचले तर बारीक रिमझिम सुरू होती. आत जायला रांग लागलेली आणि मोठ्या दरवाजासमोर वीस-पंचवीस माणसं कॉर्निसखाली अंग चोरून उभी. त्यात निखिल होता, शेजारी त्याची आई. त्यानं ओळख करून दिली.

"केवढं सुंदर आहे हो!" त्या मला म्हणाल्या. "तुम्हीही इथेच होतात का कामाला?"

मी काही बोलायच्या आत निखिल म्हणाला, "आई, हिनेच ते दगड परत पाठवले होते."

"अगंबाई! त्या तुम्ही का?" त्यांचा आवाज एकदम बदलला. घरी माझा उद्धार झाला असणार, भरपूर. "काय एवढं बिघडलं होतं त्या दगडांचं?"

निखिलनं वर पाहिलं. मग आजूबाजूच्या गर्दीकडे, तिथे एका बाईनं बाळाची गाडी आत सरकवली होती आणि एक म्हातारे गृहस्थ छत्री झटकत होते. आईच्या खांद्यावर हात ठेवून तो म्हणाला, "तू आत्ता त्यांच्याच खाली उभी असतीस."

त्यांनी एकदा वर बघितलं आणि माझा दंड धरून मलाही आत ओढलं, मी अजून पावसातच उभी होते.

तेव्हापासून कुठल्याही ड्रॉइंगवर कॉर्निस दिसली की लांबी-रुंदीच्या आधी मी एकच प्रश्न विचारते. पाऊस आला की हिच्याखाली कोण उभं राहणार?